बालेते झाडाच्या फांदीचा पक्षी

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पक्षी आहे. पानाय बेटावरच्या आमच्या गावात होतकरू लेखकांसाठी अद्भुतकथांची स्पर्धा होते. तिचं फिरतं बक्षीस म्हणजे मी. विजेत्याचं नाव माझ्या पायथ्याशी कोरतात आणि वर्षभर मी त्याच्या घरी राहतो.

एलियास सुताराने मला बालेते नावाच्या, वडासारख्या झाडाच्या फांदीतून घडवलं. गडी हाताचा कसबी, पण घाईचा. त्या झाडाला हात लावण्याआधी 'ताबी पो' म्हणून आत राहणाऱ्या अदृश्य लोकांची परवानगी मागतात. ती मागायला तो विसरला. त्यामुळे मी एकटा आलो नाही.

बरीच वर्षं मी कौतुकात काढली, काही कपाटावर धूळ खात. मग अमिहान जिंकली. तिच्या कथेतली मुलगी बालेतेच्या पारंब्यांत शिरते आणि परत येत नाही. मुलीचं नाव होतं दालिसाय. अमिहानच्या चार वर्षांच्या लेकीचंही तेच.

सासू कथा ऐकून ताडकन उठली. "अगं, पोरीचं खरं नाव घातलंस? झाडाजवळून जाताना आम्ही टोपणनावानं हाक मारतो! खरं नाव कळलं की आतले पोराला घेऊन जातात. कॉलेजात हेच शिकवतात वाटतं?"

"नानाय," अमिहान सासूला म्हणाली, "स्पर्धेत लेखकाचं नाव लिहायचं नव्हतं. म्हटलं, निदान हिचं तरी छापून येईल."

तिसऱ्या दिवशी अमिहानच्या नावाखाली 'दा' उमटलं. कोणी कोरलं नव्हतं. मग 'लि'. दालिसाय माझ्यासमोर बसून कुजबुजायची. "आई, पक्षी म्हणतो, चल घरी."

"हेच घर आहे, बाळा," अमिहान म्हणाली आणि तिला पोटाशी घट्ट धरून बसली. दर घटकेला ती माझा पायथा बघायची. 'सा' उमटलं. आता एकच अक्षर उरलं.

भर दुपारी तिने मला उचललं आणि बालेतेच्या मुळांशी ठेवलं. "ताबी पो. पोर माझी आहे. नाव चुकून दिलं. त्याबदली माझं घ्या." तिने चाकूने स्वतःचं नाव खरवडून काढलं. लेकीची अक्षरंही आपोआप बुजली. स्पर्धेच्या यादीत त्या वर्षाची जागा आजही कोरी आहे. दालिसाय मात्र शाळेत जाते.

मला या झाडाखालून पुन्हा कोणी नेलं नाही. माझ्या पंखाला आता पालवी फुटली आहे. मित्रांनो, झाडाचं काही घ्याल तर आधी विचारा. आणि इथून जाताना आपल्या लेकराला खऱ्या नावाने हाक मारू नका. दालिसायचं नाव माझ्या अंगावरून गेलं, पण मला ते अजून पाठ आहे.