चालू शॉटमधली चूक

“आई, परवा म्हणालीस डायरेक्टर हसला. आज म्हणतेस भडकला. विच वन?” अनीशने विचारलं.

“आधी भडकला, मग हसला. माणसं दोन्ही करतात,” उल्काताई म्हणाल्या आणि वाटाणे सोलत राहिल्या.

अनीशच्या मनात पाल चुकचुकलीच. टेक्सासमधल्या शुगर लँडच्या घरात आई एकटी राहते, शेगडी चालू ठेवून विसरते. डॉक्टर म्हणाले होते, विस्मरणाचे पेशंट कधीकधी न घडलेल्या आठवणीही रचून सांगतात. तेव्हापासून फ्रिस्कोहून आला की गप्पांच्या नावाखाली तो आईची उलटतपासणी घ्यायचा. तिला ते कळत नाही, हा त्याचा भोळा समज.

आठवण मात्र मुलखावेगळी होती. उल्काताई नवी नवरी होऊन लॉस एंजेलिसला आल्या, तेव्हा तिथे हिंदुस्थानातल्या कथेवरच्या एका हॉलिवूडपटाचं शूटिंग चाललं होतं. नटीला साडी नेसवायला कुणी मिळेना, म्हणून यांना बोलावलं. यांनी निऱ्या घातल्या, पदर काढला आणि बाईमाणसाला मोकळ्या कपाळाने कसं पाठवायचं, म्हणून ठसठशीत कुंकूही लावलं. साडी पांढरी का, हे विचारण्याइतकं इंग्रजी येत नव्हतं. नटी कॅमेऱ्यापुढे गेली ती नवऱ्याच्या चितेपाशी रडायला! सेटवर कुणालाच काही खटकलं नाही. खटकलं ते यांनाच, आणि या चालू शॉटमध्ये धावल्या.

अनीशने तो पिक्चर पाहिला. नामावलीत आईचं नाव नव्हतं.

“आई, आर यू शुअर? कुठे वाचलं असशील. आपण ना, एक मेमरी केअरची जागा बघून येऊ, विसरायला लागलेल्या माणसांना सांभाळतात ती. जस्ट बघू.”

“मला माझं घर आहे,” उल्काताई म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी सेटबद्दल अवाक्षर काढलं नाही. अनीशला वाटलं, झालं, आता तेही विसरली.

पुढे एकदा त्याला त्या सेटवरचं जुनं चित्रण ऑनलाइन सापडलं. चितेजवळ नटी हुंदके देत होती आणि कपाळावर लालभडक कुंकू होतं. कोपऱ्यातून एक किरकोळ अंगाची मुलगी धावत आली आणि “अगंबाई, चुकलंच माझं!” म्हणत पदराने ते पुसू लागली. आवाज आईचा होता. अनीशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो तसाच गाडी काढून निघाला.

“आई, आय ॲम सो सॉरी. तू खरं सांगत होतीस! ही बघ, तूच ना?”

उल्काताईंनी चष्मा लावला. फोन डोळ्यांजवळ नेला. मुलगी धावत आली तसे त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी मान वर करून लेकाकडे पाहिलं, दारात आलेल्या अनोळखी विक्रेत्याकडे पाहावं तसं, सावधपणे.

“छे रे. मी कशाला जाईन असल्या ठिकाणी?”

“आई, आवाज तुझा आहे!”

“असेल कुणाचा तरी. मी असलं काही सांगत नसते आता. डॉक्टरांना कळव तेवढं.”

उल्काताईंनी फोन त्याच्या हातात परत दिला, डोळे पुसले आणि तोंडी परीक्षेला बसलेल्या मुलीसारख्या त्या पुढच्या प्रश्नाची वाट पाहत ताठ बसून राहिल्या.