भुईचाफ्याची जागा

मनकर्णाचा नवरा मारोतराव पोलादाच्या नव्या प्लांटच्या उभारणीवर फिटर होता. भंडाऱ्याकडचं गाव सोडून दोघं प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर ६ मध्ये आली, तेव्हा तिच्या ट्रंकेत धाकट्या भावानं दिलेला डबा कॅमेरा होता.

क्वार्टरांमागं पळसामोहाचं थोडं रान उरलं होतं. चैत्रात तिथं भुईचाफा यायचा. पानांचा पत्ता नाही, कोरड्या मातीतून थेट पांढरं-जांभळं फूल. सकाळी उमललं की संध्याकाळी गळालं. गेल्या साली मनकर्णानं अगदी जवळ बसून रिळातले आठ फोटो काढले, आठही धूसर आले. दुर्गच्या स्टुडिओवाल्यानं सांगितलं, "चार पावलं मागं सरा, अन् ऊन असू द्या."

ती वर्षभर थांबली. यंदा फुलं आली, त्याच आठवड्यात नव्या क्वार्टरांसाठी रानात चुन्याच्या रेघा पडल्या.

सकाळीच ती फुलांपासून चार पावलं मागं कॅमेरा घेऊन पालथी पडली. फुलांवर अजून मोहाची सावली होती. तेवढ्यात बुलडोझर येऊन ठाकला. मागं ओव्हरसीयर श्यामराव.

"बाई, बाजूले व्हा. काम खोळंबून राहिलं."

"ऊन येऊ द्या. मंग सरतो."

"फुलापायी? कावून जीव धोक्यात घालता?"

"तुमी प्लांटच्या हर खांबाचा फोटो काढता. मी याचा काढून राहिली."

श्यामरावानं ड्रायव्हरला पुढं चालव म्हणून हात केला. ड्रायव्हर चिंधू जवळच्याच गावचा, हे रान त्याच्या पायाखालचं. त्यानं इंजीन बंद केलं, खाली उतरला आणि पळसाला टेकून बिडी पेटवली.

"चिंधू, चढ वर."

"बाई उठंल तवा चढतो, साहेब."

श्यामराव बोलत राहिला. मनकर्णाच्या कोपराला खडे रुतत होते, पण ती हलली नाही. अर्ध्या तासानं ऊन सरकत फुलांवर आलं. तिनं श्वास रोखून रिळातले आठही फोटो काढले, उठली, लुगडं झटकलं आणि चिंधूला म्हणाली, "आता चालवा, दादा." वळून मात्र पाहिलं नाही. मागं झाडं मोडल्याचा आवाज क्वार्टरपर्यंत ऐकू येत होता.

चौथ्या दिवशी मारोतराव कोरा कागद घेऊन आला. "तक्रार गेली. तुले माफी लिवून द्या लागते. माह्या नोकरीचा सवाल आहे."

मनकर्णानं कागद घेतला. खूप वेळ विचार करून लिहिलं : 'काम अर्धा तास थांबलं, ते माझ्यामुळं. चिंधूचा दोष नाही. त्या जागेवर भुईचाफा होता, एवढी नोंद घ्यावी.' खाली सही.

मारोतरावानं दोनदा वाचलं. "माफी कुठं आहे याच्यात?"

"नाही."

त्यानं कागदाची घडी करून खिशात ठेवली, सायकल काढली आणि ऑफिसात तसाच देऊन आला. पुढं कुणी काही विचारलं नाही.

आठांतले पाच फोटो स्वच्छ आले. एक तिनं चिंधूला नेऊन दिला.