गालावर उतरलेल्या पापण्या

“अंगठा कुठाय ह्याचा?” एदेल्मिराने शालीची घडी उलगडत विचारलं.

“कुत्र्यानं खाल्ला,” दोन्या एर्मेलिंदा, म्हणजे एर्मेलिंदाबाई, म्हणाल्या. “आणि हसू नकोस. सुनेचा कुत्रा आहे. सुनेला बोलायची सोय नाही आणि कुत्र्याला बोलून उपयोग नाही.”

शालीत प्लास्टरचा बाळयेशू होता, वीतभर लांबीचा, उताणा, एक पाय उचललेला. मेर्सेद बाजारामागच्या त्या गल्लीत जानेवारीभर अशी गाठोडी येत. कुणाचा हात निखळलेला, कुणाच्या टाळूला भोक. दोन फेब्रुवारीला, कांदेलारियाच्या सणाला, घरोघरचे बाळयेशू नवे कपडे घालून देवळात आशीर्वादाला जातात, त्यामुळे त्याआधी एदेल्मिराच्या दुकानात कुणाच्याच हाताला उसंत नसे. नवरा निकांद्रो मागच्या अंगणात साचे भरायचा, ती जोडायची, रंगवायची आणि तिची आंधळी आई, दोन्या क्रेसेंसिया, दाराशी बुटक्या खुर्चीवर बसून पॉलिशपेपरने प्लास्टरचे गाल घासायची. कुठे खडबड राहिली हे तिच्या बोटांना डोळसांच्या आधी कळे.

एके काळी हे दुकान क्रेसेंसियाच्या पापण्यांसाठी प्रसिद्ध होतं. चार केसांच्या ब्रशाने ती बाळाच्या डोळ्यांवर पापणीचा एकेक केस असा काढायची, की बायका म्हणत, आता हा डोळे मिटेल. एदेल्मिराला हे सगळं ऐकूनच माहीत. तिने आईला बघताना कधी बघितलंच नव्हतं. ती जन्मली तेव्हा आईपुढे धुकं होतं आणि ती चालायला लागेपर्यंत अंधार.

पण त्या अंधारातले दिवस तिला सगळ्यात जास्त आठवत. दुपारची वेळ, ओल्या प्लास्टरचा वास आणि स्टुलावर उभी असलेली सहा वर्षांची ती. आई वाटीत रंग कालवत विचारायची, “कसा झालाय गं? पिकल्या पीचसारखा की कच्च्या?” ती ऐटीत सांगायची, “कच्च्या.” मग आई लाल रंगाचा थेंब टाकायची. “आता?” “आता एका बाजूनं पिकला.” दोघी खो खो हसायच्या. आईचे डोळे आपण आहोत, ह्याचा त्या पोरीला केवढा तोरा होता! तेवढं सुख नंतर तिला क्वचितच लाभलं.

“तुझे डोळे कुणी नेले?” असं तिने तेव्हा एकदा विचारलं होतं. “सुईनं,” आई म्हणाली होती. “तू पोटात होतीस. साखर निघाली, डॉक्टरांनी इन्शुलिनच्या सुया टोचल्या आणि डोळे गेले.” सगळ्या गल्लीला हे पाठ होतं. कुणाला इन्शुलिन लिहून दिलं, की शेजारणी क्रेसेंसियाकडे बोट दाखवत.

एकोणतिसाव्या वर्षी एदेल्मिरालाही साखर निघाली. गोळ्या तिने घेतल्या, साखर उतरते म्हणून निवडुंगाची भाजी तर रोजचीच झाली, पण सुईचं नाव काढू दिलं नाही. तिचे डोळे गेले असते तर तीन माणसांची चूल विझली असती. मग दोन वर्षांपूर्वी ध्यानीमनी नसताना दिवस राहिले. दवाखान्यात गेली तेव्हा दुसरा महिना सरला होता. डॉक्टरांनी इन्शुलिनचं पेन दिलं. तिने ते फ्रिजमध्ये निवडुंगाच्या डब्यामागे ठेवलं आणि घेते म्हणून खोटं सांगितलं. पाचव्या महिन्यात ते बाळ गेलं. त्याचं हृदय नीट घडलंच नव्हतं.

आता ती अडतीस वर्षांची होती आणि तिला मूल हवं होतं. इतकं हवं होतं, की तिन्ही राजांच्या सणाला कापलेल्या पावाच्या तिच्या तुकड्यात लपवलेली बाळाची बाहुली निघाली आणि शेजारणी “ह्या वर्षी नक्की!” म्हणून ओरडल्या, तेव्हा ती न्हाणीघरात जाऊन रडली होती.

डॉक्टर ओतिलिया वयाने लहान, पण बोलायला सडेतोड. “मागच्या वेळी नक्की कशानं झालं ते मी शपथेवर नाही सांगू शकत,” त्या म्हणाल्या होत्या. “पण तुम्हाला बातमी कळते ना, त्याच्या आधीच बाळाचं हृदय घडायला लागतं. तेव्हा साखर चढलेली असेल तर धोका वाढतो. म्हणून तयारी आधी. आत्तापासून इन्शुलिन आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी. प्रेशरची तुमची गोळी मी बदलून देते. आणि डोळे तपासून घ्या. मी हो म्हणेपर्यंत पाळणा नको.”

“डोळे सुईनंच जातात ना?”

“वाढलेल्या साखरेनं जातात, तेही हळूहळू, मुकाट्यानं. आधीच दुखावलेले असले तर पोटात बाळ असताना झपाट्यानं बिघडू शकतात. म्हणून तर आधी दाखवायचे.”

“बरोबरच आहे की,” निकांद्रो घरी येताना म्हणाला. “मी साचा आधी पुसतो, तेल लावतो, मगच ओततो. ओतल्यावर पुसायला गेलो तर काय होईल?”

हे तिला पटलं. पण पटलं तरी नवं पेनही डब्यामागेच गेलं. एकीकडे डॉक्टरीणबाई आणि दुसरीकडे दाराशी बसलेली आई. रोज डोळ्यांसमोर आईच होती.

तर तो अंगठा नसलेला बाळयेशू. एदेल्मिराने तो दिव्याखाली धरला. “ह्याला पूर्वी कुणी रंगवलं, दोन्या?”

“कुणी म्हणजे? तुझ्या आईनं! माझा नवरा गेला त्या वर्षीची कांदेलारिया. मी काळ्या कपड्यात आणि ही बया लाल झगा घालून जत्रेत नाचत होती, कंबर अशी मुठीएवढी.”

“मी तेव्हा...?”

“तू कुठली! तू तर त्या वर्षी नाताळात आलीस. तेव्हापासून हा काचेच्या पेटीतच होता. कपडे मीच बदलायचे. कुत्रा आला नसता तर तुझ्याकडे कशाला आले असते?”

एदेल्मिराने भिंग लावलं. डाव्या डोळ्याच्या पापण्या ऐकल्या होत्या तशाच होत्या, बारीक आणि नेमक्या. उजव्या डोळ्याच्या मात्र कडेवरून घसरून गालावर उतरल्या होत्या. काही ठिकाणी तर एकीवर दुसरी काढलेली.

“मला वाटायचं, झोपेतून उठलंय बाळ,” एर्मेलिंदा म्हणाल्या. “छान दिसतं. अंगठा तेवढा लाव.” आणि त्या गेल्या.

एदेल्मिराने मनात महिने मोजले. हे रंगवलं तेव्हा ती पोटात नव्हती. सुईसुद्धा नव्हती.

“आई,” ती म्हणाली, “ह्याच्या पापण्या गालावर आल्यात.”

पॉलिशपेपरचा आवाज थांबला. “एर्मेलिंदाला काय कळतंय!”

“एर्मेलिंदा काही बोलली नाही. मी बघतेय.”

म्हातारीने हातातलं प्लास्टरचं डोकं मांडीवर ठेवलं.

“काळे धागे तरंगायचे समोर,” ती म्हणाली. “मला वाटायचं ब्रशाचा केस सुटलाय. पुसायचे, परत काढायचे. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काम कुणी दिलं असतं? मग तू राहिलीस आणि सगळं भराभर गेलं.”

“मग सुईचं का सांगितलंस?”

“काय सांगू मग? स्टुलावर उभी राहून विचारत होतीस, डोळे कुणी नेले. तू पोटात असताना गेले, एवढंच सांगितलं असतं, तर जन्मभर स्वतःला खात बसली असतीस. सुईचं काय जातंय? तिला शिव्या घातल्या तरी ती रडत नाही.”

एदेल्मिराला आईची माया कळली आणि त्याच क्षणी तिचा राग मस्तकात गेला. तो राग तिने लपवला नाही.

“मी घेतली नाही ती सुई,” ती म्हणाली. “मागच्या वेळी एकदाही नाही. डब्यामागे ठेवली होती.”

म्हातारीने तिच्या आवाजाकडे तोंड वळवलं. “मग ते बाळ... माझ्या बोलण्यानं?”

नाही, असं म्हणायला हवं होतं. एदेल्मिराला ते म्हणता आलं नाही. ती अंगणात गेली आणि वाळत घातलेल्या बाळांच्या रांगेपाशी बसून राहिली. निकांद्रोने पाण्याचा पेला आणून दिला. दिवे लागले तशी ती उठली. आई अजून खुर्चीतच होती, हात मांडीवर उताणे टाकून. इतकी लहान ती कधीच दिसली नव्हती. एदेल्मिराचा राग सगळा गेला नव्हता.

तरी तिने फ्रिज उघडला.

“निवडुंग काढतेस?” आईने विचारलं.

“त्याच्या मागचं काढतेय.”

“मग इकडे ये. माझ्याजवळ बसून घे.”

ती जवळ बसली. झगा वर करून पोटाची चिमूट धरली, पेन टेकवलं आणि आईने चाचपत तिचं मनगट पकडलं. दिवसभर गाल घासून खरखरीत झालेली ती बोटं मुळीच हलत नव्हती.

“दुखलं?”

“छे. डास जास्त चावतो.”

“आता काय दिसतंय?” आईने घाबरत घाबरत विचारलं.

“तू दिसतेस,” एदेल्मिरा म्हणाली. मग मात्र दोघींना रडू आवरलं नाही.

त्या आठवड्यात तिने डोळे दाखवले. एका डोळ्यात बिघाडाची सुरुवात झाली होती. लेझरने ती रोखली. अंगठा लावून झाला तेव्हा एर्मेलिंदा न्यायला आल्या आणि डोळे बारीक करून म्हणाल्या, “पापण्या सरळ नाही केल्यास?”

“त्या मोडलेल्या नाहीत,” एदेल्मिरा म्हणाली.

डॉक्टर ओतिलियांनी हो म्हणायला जवळपास वर्ष घेतलं.

आता एर्मेलिंदा नाहीत. त्यांची सून येते, कुत्र्याशिवाय. दाराशी बुटकी खुर्चीही रिकामीच असते. नात झाल्यावर क्रेसेंसियाला एक हिवाळा तेवढा मिळाला, पण त्या हिवाळ्यात तिने नातीचे गाल इतके चाचपले, की निकांद्रो म्हणायचा, “सासूबाई, झिजेल ती, पॉलिशपेपर नाही ना हातात?”

परवा तो बाळयेशू पुन्हा आला, ह्या खेपेला टाच उडालेली. एदेल्मिराने टाच भरली, गालावर रंगाचा हात फिरवला. आजीचंच नाव मिळालेली लेक, लाडाची चेंचा, स्टुलावर उभी राहून बघत होती.

“आई, हे चुकलंय. गालावर आलंय. पुसू?”

“नको. आजीनं काढल्यात त्या.”

“आजीला तर दिसत नव्हतं ना?”

“तेव्हा थोडं दिसत होतं,” एदेल्मिरा म्हणाली. तिने चार केसांचा ब्रश न वापरताच धुतला, पेल्यात उभा करून ठेवला आणि बाळाला पांढरा झगा घातला.