लंकाबाईचा लुना क्लास

सावळीरामनं लुना घेतली ती प्रेसमधल्या सगळ्यांनी घेतली म्हणून. नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमध्ये तेव्हा लुनांची साथच आली होती. सावळीरामनं घेतली आणि त्याच आठवड्यात जेलरोडला म्हशींच्या कळपात घातली. म्हशींना काही झालं नाही. त्यालाही कोपर खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. पण एक म्हैस मान वळवून त्याच्याकडं ज्या नजरेनं बघत राहिली, ती नजर त्याच्या मनातून जाईना. दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा बसनं कामाला जाऊ लागला आणि लाल चुटूक लुना जिन्याखाली जुन्या चादरीत गुंडाळून पडली.

त्याची बायको लंकाबाई रोज जिना झाडायची. झाडता झाडता चादरीचं टोक उचलायची, हँडल पुसायची, हॉर्न हळूच दाबायची. भगूरला माहेरी असताना भावाची सायकल चोरून चालवण्यात तिचं सगळं लहानपण गेलेलं. एका दुपारी पोरं शाळेत होती, कॉलनी झोपली होती. लंकाबाईनं पदर कमरेला खोचला, लुना ढकलत मागच्या मैदानात नेली, पेडल मारलं, आणि गाडी फुर्रकन जी सुटली, ती तिला घेऊनच सुटली. वारा कानात शिरला, अंबाडा सुटला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि आपण मोठमोठ्यानं हसतोय हे तिला तिसऱ्या फेरीत कळलं.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. सावळीराम चहा घेता घेता थांबला.

"पण म्हशी?"

"मैदानात म्हशी नाहीत हो."

"मग चालव बाई," तो सुटकेचा श्वास टाकून म्हणाला. "आधी लायसन काढ म्हणजे झालं."

लायसन निघालं. लंकाबाई बिटको चौकापर्यंत बाजाराला लुनावर जाऊ लागली. कॉलनीतल्या बायका गॅलरीत उभ्या राहून बघायच्या. कुणी नाक मुरडायच्या, पण नाक मुरडताना नजर गाडीवरून हलायची नाही. एक दिवस नळावर शेजारच्या इमारतीतली मालन तिच्याजवळ सरकली. मालन पळशाला प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, आणि तिची एसटी दिवसाआड चुकायची.

"वहिनी, मला शिकवाल?" ती कुजबुजली. "फी देईन. फक्त आमच्या सासूबाईंना कळू देऊ नका."

फी हा शब्द लंकाबाईच्या डोक्यात असा काही वाजला की हंडा भरून वाहायला लागला तरी तिचं लक्ष नव्हतं. एकटी मालनच कशाला? गॅलरीत किती जणी उभ्या असतात!

तिनं भगूरला भावाला निरोप पाठवला. केरूदादा म्हणजे धंद्यातला माणूस. त्यानं कोंबड्या पाळल्या होत्या, त्या रोगानं गेल्या. सोड्याचा कारखाना काढला होता, त्याच्या बाटल्या फुटल्या. मग लग्नाचे मंडप घातले, तर एक मंडप वाऱ्यानं उडून नदीपल्याड गेला. त्याच्या प्रत्येक सल्ल्यामागं एक बुडालेला धंदा होता, त्यामुळं तो बोलायला लागला की अगदी पोटातून बोलायचा.

"जयभीम दाजी!" करत तो आला, खुर्चीत मांडी घालून बसला आणि म्हणाला, "लंके, धंदा म्हणजे काय? धंदा म्हणजे बोर्ड."

"आधी बोर्ड?"

"आधी बोर्ड! माझ्या सोड्याच्या कारखान्याला बोर्ड नव्हता. आतून फटाफट आवाज येतात ते कशाचे, हेच लोकांना शेवटपर्यंत कळलं नाही. दुसरं म्हणजे नातेवाइकांना फुकट द्यायचं नाही. माझ्या निम्म्या कोंबड्या रोगानं गेल्या, निम्म्या मामांनी खाल्ल्या."

"म्हणजे उद्या वहिनी शिकायला आली तर?"

केरूनं जरा विचार केला. "तिला शिकवूच नको. ती पायी चालते तेवढंच मला झेपतं."

सावळीरामला चहाचा ठसका लागला.

आठ दिवसांत केरूनं बोर्ड आणला. दरवाजाएवढा होता. वर लिहिलं होतं, 'लंका लेडीज लुना क्लासेस'. खाली लुनावर बसलेली एक बाई, काळा गॉगल, हवेत उडणारा पदर, आणि पेंटरला सिनेमाची पोस्टरं रंगवायची सवय असल्यामुळं मागं उगीचच आगीचा लोळ. रविवारी मागच्या मैदानात बोर्ड लागला, नारळ फुटला. कॉलनीतले झाडून सगळे पुरुष आले, चहा प्याले, पेढे खाऊन 'छान, छान' म्हणाले. बायका गॅलरीतून बघत होत्या.

सोमवारी कुणी आलं नाही. मंगळवारी कुणी आलं नाही. शनिवारपर्यंत लंकाबाई रोज नीट नेसून बोर्डाखाली उभी राहिली आणि रोज एकटीच घरी आली. मालनसुद्धा तिला बघून दुसऱ्या गल्लीनं जायला लागली.

पण लंकाबाईचा स्वभाव रुसून बसणाऱ्यातला नव्हता. तिनं मालनला एसटीच्या थांब्यावर गाठलं.

"माझं काही चुकलं का गं?"

"वहिनी, तुमचं काही नाही," मालन ओशाळून म्हणाली. "पण त्या बोर्डाखाली पडायचं कसं हो? पडायचं मला काही वाटत नाही. सगळी कॉलनी वरून बघणार, त्याचं वाटतं. आणि घरात काय सांगून निघू? सकाळच्या पारी बाई घराबाहेर पडते ती दुधाला, नाहीतर भाजीला. तिसरं कारण असतंय का?"

लंकाबाईनं भर थांब्यावर मालनचा हात धरून गदागदा हलवला. "भाजीला! मग भाजीलाच ये ना!"

त्याच दिवशी तिनं बोर्ड काढून पलंगाखाली सारला. कॉलनीपासून लांब, बंद पडलेल्या वीटभट्टीमागं एक सपाट मैदान होतं, तिन्ही बाजूंनी बाभळी. तिथून कुणाची गॅलरी दिसत नव्हती. मग ती कोपऱ्यावर हातगाडी लावणाऱ्या चांगुणा भाजीवालीकडं गेली आणि म्हणाली, "उद्यापासून सकाळी गाडी वीटभट्टीमागं लावा."

"तिथं कुत्रंसुद्धा फिरकत नाही, बाई," चांगुणा म्हणाली.

"कुत्रं नाही, पण गिऱ्हाईक येईल. एक दिवस येऊन तर बघा."

दुसऱ्या दिवशी मालन पिशवी घेऊन आली. अर्धा तास लुना शिकली, दोनदा पडली, चांगुणाकडून मेथीची जुडी घेतली आणि घरी गेली. सासूला सांगितलं, भाजीला गेले होते. आणि ते खरंच होतं! त्याच्या पुढच्या दिवशी ती मैत्रिणीला घेऊन आली. त्या मैत्रिणीनं जावेला आणलं. आठवडा सरला तोवर बाभळीच्या फांद्यांना कापडी पिशव्यांची रांग लागायला लागली.

लंकाबाई कॅरिअर धरून मागं पळायची आणि ओरडायची, "चाकाकडं नको बघूस! जायचंय तिकडं बघ!" ज्या बाईनं लग्नानंतर कधी आवाज चढवला नव्हता, ती गाडीवर बसली की किंचाळायची. पडलेली आधी साडी झटकायची, इकडं तिकडं बघायची आणि सगळ्या हसतायत म्हटल्यावर आपणही खाली बसून हसायची. घरी मोजून मापून बोलणाऱ्या बायका तिथं टाळ्या देऊन बोलत होत्या. फी पदराच्या गाठीतून यायची, आणि देताना बायकांच्या तोंडावर सिनेमाचं तिकीट काढल्यासारखी खुशी असायची.

मेथीचे दिवस होते, त्यामुळं चांगुणाच्या गाडीवर मेथीच मेथी. कॉलनीत मेथीची भाजी झाली, मेथीचं वरण झालं, मेथीचे धपाटे झाले.

"काय भानगड आहे कळत नाही," सावळीराम एक दिवस प्रेसमधून येऊन म्हणाला. "आज आमच्या खात्यात डबे उघडले, तर सगळ्यांच्या डब्यात मेथी!"

लंकाबाई पदरात तोंड लपवून इतकी हसली की शेवटी तिला त्याला सगळं सांगावं लागलं. तोही मग पोट धरून हसला आणि दुसऱ्या दिवशी डबा उघडताना कुणाकडं बघायची त्याला चोरी झाली.

केरूदादा धंदा बघायला आला तो थेट मैदानात. "बोर्ड कुठाय?" हा त्याचा पहिला प्रश्न. लंकाबाईनं काय झालं ते सांगितलं. केरूनं बाभळीला लटकलेल्या पिशव्या मोजल्या.

"म्हणजे गिऱ्हाइकाची अडचण काय, ते तू आधी विचारलंस."

"आधी कुठं? आठवडाभर बोर्डाखाली उभी राहिले तेव्हा विचारलं."

"मी तर तेव्हाही नाही विचारलं गं," केरू म्हणाला, आणि स्वतःच खो खो हसत सुटला. हसून झाल्यावर मात्र तो गंभीर झाला. "आता माझं एक ऐक. गाडी एक आणि बाया इतक्या. उद्या ही बिघडली तर बाया घरी बसतील, आणि एकदा सवय मोडली की परत यायच्या नाहीत. माझा मंडप उडाला तेव्हा दुसरा नव्हता, म्हणून धंदाच उडाला. आलेल्या फीला हात लावू नको, दुसरी गाडी घे."

हा सल्ला लंकाबाईला पटला. केरूनंच देवळालीत कुणा पेन्शनरची हिरवी लुना हुडकली, भाव पाडून घेतली आणि स्वतः चालवत घेऊन आला. वाटेत शिंगवे बहुल्यापाशी रस्ता चुकून तो भलतीकडंच गेला, पण संध्याकाळपर्यंत पोचला.

गाड्या दोन झाल्या आणि त्याच सुमारास मालनच्या सासूबाईंच्या मनात शंका शिरली. भागुबाई निफाडकडच्या, शेतात उभा जन्म काढलेल्या. त्यांना भाजीतलं कुणी काही शिकवावं असं नव्हतं.

"रोज मेथी?" त्या घरात म्हणाल्या. "या नाशकात दुसरं काय पिकत नाय का?" आणि एका सकाळी सुनेच्या मागोमाग निघाल्या.

मैदानात मालन हिरव्या लुनावरून मोठ्या डौलानं वळण घेत होती. वळता वळता तिला बाभळीतून येणारं नऊवारी लुगडं दिसलं. ती जागच्या जागी गाडीवरून उतरली. गाडी मात्र थोडी पुढं जाऊन आडवी झाली. चांगुणानं तराजू खाली ठेवला. लंकाबाईच्या मनात आलं, आता ही म्हातारी कॉलनीभर बोंब मारणार आणि आपला क्लास आजच बंद होणार.

भागुबाई सावकाश पुढं आल्या. आधी सुनेकडं बघितलं, मग गाडीकडं, मग पिशव्यांकडं.

"यासाठी मला महिनाभर मेथी चारली व्हय गं?" त्या म्हणाल्या. "तोंड कडू झालं माझं! खरं सांगितलं असतं तर एखादा दिवस वांगं तरी मिळालं असतं."

"रागावलात का?" मालन कशीबशी म्हणाली.

"उचल ती गाडी. मला बसायचंय."

"मावशी, अहो, आधी जरा शिकवते," लंकाबाई धावली.

"काय शिकवतेस? मी छकडा हाकलाय दोन बैलांचा. हिला तर एकबी बैल नाय." भागुबाईंनी कासोटा घट्ट केला, सीटवर बसल्या, लंकाबाईनं दाखवलं तसं पेडल मारलं आणि उजवी मूठ पिळली ती पार शेवटपर्यंत.

लुना उधळली. भागुबाई मैदानभर फिरायला लागल्या. "हो! हो! होऽऽ!" त्या बैलांना थांबवतात तसं ओरडत होत्या, पण लुना ऐकेना. मागं लंकाबाई, तिच्यामागं मालन, तिच्यामागं पिशव्या घेतलेल्या सगळ्या बायका. "मावशी, ब्रेक! डावा हात! डावा!" भागुबाईंनी ऐकलं, पण डावा हात त्यांनी ब्रेकवर न ठेवता वर उचलला, पदर सावरायला. गाडी वळली आणि सरळ चांगुणाच्या मेथीत घुसली. हातगाडी चार पावलं मागं सरकली, जुड्या उडाल्या, आणि त्या हिरव्या ढिगात भागुबाई बसल्या त्या बसल्याच.

लंकाबाई धापा टाकत पोचली. "लागलं का हो मावशी?"

भागुबाईंच्या डोक्यावर मेथी, खांद्यावर मेथी, आणि तोंडभर हसू. नवरा गेल्यापासून त्या एवढ्या कधी हसल्या नव्हत्या, असं मालननं पुढं सांगितलं. हसून हसून त्यांना बोलता येईना. शेवटी त्यांनी हात पुढं केला.

"उठव मला," त्या म्हणाल्या. "आणि डावा हात कुठं ठेवायचा, ते परत सांग."

लपवालपवी त्या दिवशी संपली, कारण दुपारपर्यंत भागुबाईंनी स्वतःच सगळ्या कॉलनीला हाका मारमारून ती हकिगत सांगितली. दर वेळी गाडीचा वेग वाढत गेला. म्हातारी बसली म्हटल्यावर तरण्या सुनांना अडवायचं कुणाला सुचेना. नवरे स्वतःहून विचारायला लागले. एकानं तर बायकोला मैदानापर्यंत आणून सोडलं आणि क्लास संपेपर्यंत पिशवी धरून उभा राहिला. पुढच्या दिवाळीपर्यंत लंकाबाईकडं चार लुना झाल्या. फुकट कुणालाच शिकवायचं नाही हे तिनं पाळलं, फक्त भागुबाईंनी चांगुणाला मेथीचे पैसे भरून दिले, तीच त्यांची फी असं ठरवलं.

मालननं शाळेच्या सोसायटीचं कर्ज काढून स्वतःची गाडी घेतली. पहिल्यांदा पळशाला जायचं त्या दिवशी ती लंकाबाईच्या दारात हॉर्न वाजवत उभी राहिली. "वहिनी, बसा मागं. सोबत म्हणून तेवढं चला."

लंकाबाई मागं बसली. इतक्या जणींना शिकवलं, पण दुसऱ्याच्या मागं बसायची तिची ही पहिलीच वेळ. पुणे रोडला लागल्यावर समोरून ट्रक आला आणि तिनं मालनची पाठ घट्ट धरली.

"हळू! वळण आहे! हॉर्न दे! बैलगाडी, बैलगाडी!"

"दिसतीय हो वहिनी," मालन मान न वळवता म्हणाली. "तुम्हीच शिकवलंय ना? मग आता जरा गप बसा."

लंकाबाई गप बसली. आधी डोळे मिटून, मग एक डोळा उघडून, मग दोन्ही उघडून. दोन्ही बाजूंना ऊस सळसळत मागं पळत होता. शाळेच्या फाटकावर पोरं चढून बसली होती. बाईंची गाडी लांबून दिसल्याबरोबर त्यांनी जो गिल्ला केला, तो ऐकून मालननं हॉर्नवरचा अंगठा काही काढलाच नाही, आणि लंकाबाईनं मागून दोन्ही हात सोडून टाळ्या वाजवायला सुरुवात केली.