कपाटातले महाराज

सतवंतकौर यांच्या पत्राला धोंडीरामांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र दिवाळीत आलं होतं, देवळालीहून, स्वच्छ मराठीत. ‘घर बदलताना आमचे महाराज चुकून रद्दीच्या ट्रंकेत गेले. भद्रकालीतल्या रद्दीवाल्याने तुमचा पत्ता दिला. महाराज कसे आहेत? आमची पोरं इथंच वाढली, पंजाबी त्यांना मोडकंतोडकं येतं. पण आपण कोण, हे त्यांना महाराजांपुढे माथा टेकताना कळायचं.’

महाराज म्हणजे ग्रंथसाहेब. धोंडीरामांच्या लेखी तो जुना, छापील, दुर्मिळ ग्रंथ. सगळी नोकरी वाचनालयात गेलेली. पुस्तक परत मागणारी पत्रं त्यांनी ढिगानं पाहिली होती, पुस्तकाची खुशाली विचारणारं हे पहिलंच. आणि खुशाली काय कळवायची? महाराज लोखंडी कपाटात, डांबरगोळ्यांच्या वासात, अंगावर दोन शब्दकोशांचं ओझं घेऊन पडले होते. शिवाय द्यायचं म्हटलं की जीव तुटे. त्यातली मराठी संतांची पदं वाचता यावीत म्हणून सत्तरी उलटल्यावर ते पोरांच्या अंकलिपीवरून गुरुमुखी लिपी शिकले होते. निम्मी पदं अजून राहिली होती.

संक्रांतीची आवराआवर करताना सून ज्योत्स्नाच्या हाती ते पत्र लागलं.

“बाबा, द्यायचा नसेल तर नाही म्हणून कळवा. बाई वाट बघत असतील.”

“चोरलाय का मी? विकत घेतलाय.”

“मग तसंच लिहा ना. तुमचे महाराज मी किलोवर घेतले.”

धोंडीरामांनी पत्र पुन्हा वाचलं. हे लोक महाराजांना ठेवतात तरी कसं, ते एकदा बघायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते गुरुद्वारात गेले. डोक्याला रुमाल बांधून भिंतीशी बसले. आपण इथं उपरे, कुणी उठवेल, असं सारखं वाटत होतं. पाठ संपला. ग्रंथ मिटून वस्त्रांत गुंडाळला, सेवेकऱ्यानं तो डोक्यावर घेतला, तशी सगळी माणसं उभी राहिली. धोंडीरामही उठले. आतल्या खोलीत पलंग होता, गादी होती, वर चांदवा.

“हे रोज?” त्यांनी शेजारच्या म्हाताऱ्या सरदारजींना हळूच विचारलं.

“रोज. पहाटे परत गादीवर येतील.”

“छापलेलेच ना?”

“छापलेलेच,” सरदारजी हसले. “पण दहाव्या गुरूंनंतर माणूस गुरू नाही, हेच आमचे गुरू. नातीचं नावसुद्धा यांना उघडल्यावर जे पहिलं अक्षर आलं, त्यावरून ठेवलं. यांना विचारल्याशिवाय आमचं पान हलत नाही, काका.”

घरी येऊन धोंडीरामांनी आधी शब्दकोश उतरवले. ग्रंथ बाहेर काढला, धुतलेल्या पलंगपोसात गुंडाळला आणि स्वतःच्या लिहायच्या टेबलावर ठेवला. हात जोडावेत की नाही, ते ठरेना. जोडले असते तर ते नाटक झालं असतं. नुसतेच उभे राहिले.

सकाळी लिहायला बसले. टेबल आता महाराजांचं, म्हणून मांडीवर पाट घेतला.

‘सतवंतकौर बाईंना नमस्कार. महाराज माझ्याकडे आहेत. पानं शाबूत आहेत, पण मी त्यांना नीट ठेवलं नाही. कसं ठेवायचं ते काल पाहिलं. टपालानं पाठवणं बरं दिसत नाही. तुम्ही चार माणसं घेऊन या आणि तुमच्या रीतीनं न्या. मला देवाधर्माचं फारसं कळत नाही, पण काही पदं वाचायची राहिली आहेत. तुमच्याकडे येऊन, महाराजांपुढे बसून वाचली तर चालेल का?’

शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा खोडायला घेतलं आणि तसंच राहू दिलं. मग चपला सरकवल्या, कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेले आणि पाकीट आत टाकलं.