आवळलेले स्क्रू

शाळेची सहल जॉर्जियाला, बर्फात जाणार म्हटल्यावर श्रेयाने घर डोक्यावर घेतलं. बर्फावर घसरायच्या स्की तिकडे भाड्याने घ्या, असं सरांनी कळवलं होतं; पण भाडं ऐकून तिच्या वडिलांनी, कैलासने, कपाळाला हात लावला. इथे आखातात, तुबलीच्या गॅरेजात गाड्या दुरुस्त करणाऱ्या माणसाला सहलीचे पैसे भरतानाच घाम फुटला होता. शेवटी जवळच्या बुदैया गावात एक गोरं कुटुंब व्हिला रिकामा करत होतं, तिथून घासाघीस करून त्याने जुन्या स्की आणि बूट निम्म्या पैशांत आणले. लेकीच्या पहिल्या स्की! स्वारी जाम खुशीत होती.

गॅरेजात त्याने स्कीच्या गंजक्या कडा घासल्या, मग स्कीवर बूट धरून ठेवणाऱ्या पकडीत बूट अडकवून पाहिला. जरा पिळला की बूट खटकन सुटायचा. झिजलंय हे, असं त्याने ठरवूनच टाकलं. ढिल्या नटबोल्टांशी जन्माचं वैर धरलेला माणूस तो. पकडीचे स्क्रू त्याने जीव खाऊन आवळले आणि आता पाय निघणार नाही, असं लेकीला ऐटीत सांगितलं. कुणाला तरी विचारावं, हे काही डोक्यात आलं नाही.

पाय खरंच निघाला नाही. श्रेया उतारावर पडली, स्की बर्फात रुतली आणि नडगीचं हाड मोडलं. पडल्यावर बूट आपोआप सुटावा म्हणूनच ती पकड तशी असते, हे सहल परतली तेव्हा सरांनी विमानतळावर कैलासला सांगितलं. सर पुढे म्हणाले, स्क्रू तिनेच आवळले, असं श्रेयाने कबूल केलंय. पण पोर धीराची, एकदाही रडली नाही.

घरी पोचताच श्रेयाच्या आईने, भक्तीने, लेकीला फैलावर घेतलं. नको तिथे हात घालायची हौस, आता बस महिनाभर घरात, असं बरंच काही. श्रेया प्लास्टरकडे बघत ऐकून घेत होती. मध्येच तिने वडिलांकडे पाहून हळूच मान हलवली, बोलू नका म्हणून. कैलास पाण्याचा पेला धरून उभा होता. गप्प राहणं फार सोपं होतं, आणि ते सोपं वाटतंय याचीच त्याला लाज वाटली.

"तिला नको बोलूस," तो म्हणाला. "स्क्रू मी आवळले होते."

भक्ती गर्रकन त्याच्याकडे वळली.

"पप्पा, नो," श्रेया म्हणाली. "सर वॉज आस्किंग, कुठल्या गाढवाने केलं हे. आय कुडन्ट से तुमचं नाव."

आणि हाड मोडलं तेव्हा न रडलेली पोर हमसून हमसून रडू लागली.