सतराची पट्टी

मित्रांनो, मला भिंतीवर टांगलेलं बघितलं की दुकानात येणारा प्रत्येक जण विचारतो, हा लाकडी पाय कुणाचा हो? अहो, मी पाय नाही. मी बूट शिवायचा साचा आहे. बूट शिवणारे मला कलबूत म्हणतात. माझ्यावर कातडं ताणून, खिळे मारून बुटाला आकार देतात. जन्मभर खिळेच खाल्लेत, तेव्हा बोलणं थोडं टोचलं तर सांभाळून घ्या.

मला घडवलं बाबांनी. म्हणजे ज्याच्या पायाच्या मापाचा मी आहे, त्या मुलाच्या बाबांनी. मीही त्यांना बाबाच म्हणतो. बायको-मुलाला घेऊन ते बोटीने या परक्या देशात आले, तेव्हा मुलगा चौदाचा होता. चौदाच्या मुलाला इथे काम मिळत नव्हतं आणि घरात तर खायची मारामार. म्हणून नोंदणीच्या टेबलावर बाबांनी बेधडक सोळा सांगून टाकलं. कारकुनाने मान वर न करता सोळा लिहिलं. मुलगा गोदामात पेट्या उचलायला लागला. त्याच आठवड्यात बाबांनी लाकूड तासून त्याच्या पायाच्या मापाचे आम्ही दोघे भाऊ केले, डावा आणि उजवा. उजवा मी. माझ्या टाचेवर त्यांनी पेन्सिलीने खरं वय लिहिलं: १४.

दर वाढदिवसाला ते त्याचा पाय मोजायचे आणि वाढला असेल तेवढी कातड्याची पट्टी माझ्या पुढच्या टोकाला डकवायचे. तिच्यावर लिहायचे १५. मग १६. तो लेकाचा गुदगुल्या होतात म्हणून पाय मागे ओढायचा आणि आई आतून हसायची. ती दोन वर्षं माझी फार सुखात गेली.

मग युद्ध सुरू झालं आणि कागदावर अठरा झालेल्यांना बोलावणं आलं. बाबांचं धाबं दणाणलं. त्यांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळून भरतीच्या कचेरीत नेलं आणि अधिकाऱ्यापुढे ठेवलं. साहेब, हा सोळाचा आहे, याचा पाय अजून वाढतोय, असं पट्ट्या दाखवून पुन्हा पुन्हा सांगत राहिले. अधिकारी काही वाईट माणूस नव्हता. कागद खोटा ठरला तर तुम्हा तिघांनाही परत बोटीत बसवावं लागेल, एवढं तो हळू आवाजात म्हणाला.

मुलगा शेजारीच उभा होता. त्याने मला उचलून पुन्हा गुंडाळलं.

"राहू द्या, बाबा. दोन वर्षांनी जायचंच आहे. आत्ताच जाऊन येतो."

जाऊन येतो म्हणाला. मी ऐकलंय.

आठ महिन्यांनी त्याचं पत्र आलं. लष्कराचे बूट बोटांना चावतात, पाय वाढलाय बहुतेक, असं त्यात होतं. बाबा हसलेही आणि रडलेही. सतरावा वाढदिवस तोंडावर आला होता. त्यांनी अंदाजाने तिसरी पट्टी डकवली, १७ लिहिलं आणि आम्हा दोघांवर असे बूट शिवले, की तसे त्यांनी पुन्हा कधी शिवले नाहीत. पार्सल गेलं आणि त्याच आठवड्यात तार आली. जखमी सोबत्याला ओढून आणताना त्याला गोळी लागली होती. वाढदिवसाला चार दिवस बाकी होते.

पार्सल परत आलं, गाठही न सोडलेलं. बाबांनी ते बूट आणि माझा डावा भाऊ त्याच्या शवपेटीवर ठेवून पुरले. तेव्हापासून मी एकटा. एका पायाच्या साच्यावर कोण काय शिवणार?

थडग्याच्या दगडावर सरकारने कोरलंय, वय अठरा. बाबा दर रविवारी त्या आकड्यावर बोट फिरवून येतात. माझ्यामुळे गेला, असं एकदाच आईला म्हणाले. आई त्यांच्याजवळ बसून राहिली.

आता बाबांच्याने फारसं काम होत नाही. उद्या दुकान मोडलं तर मला कुणी शेगडीत घालेल. मित्रांनो, तेवढं करू नका. धूळ पुसायची तर कोरड्या फडक्याने पुसा, पेन्सिल फार पुसट झालीय. १७ची पट्टी नुसती बाबांच्या अंदाजाची आहे. तो सोळाचा होता, हे मात्र माझ्याशिवाय जगात दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नाही.